परदेशातले लेखन आणि माध्यमांचे समर प्रोग्रॅम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की निरोप यायला लागतात. लेखन, पत्रकारिता किंवा चित्रपट शिकायला उन्हाळ्यात परदेशी विद्यापीठात जायचंय, कुठलं निवडू? विचारणाऱ्यांत अकरावी-बारावीची मुलं असतात, त्यांचे आईवडील असतात, दिवसभर नोकरी करून रात्री लिहिणारी माणसंही असतात. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. व्हिसाचे नियम आणि शुल्क अर्ज करण्याच्या दिवशी पुन्हा तपासा.

१. समर प्रोग्रॅम म्हणजे नेमकं काय? त्यातून पदवी मिळते का?

पदवी मिळत नाही. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांना साधारण जून ते ऑगस्ट सुट्टी असते. वर्ग आणि वसतिगृहं रिकामी असतात, त्या काळात एक ते आठ आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रम चालवले जातात. शेवटी प्रमाणपत्र मिळतं, काही ठिकाणी क्रेडिटही, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरता येणारी एककं (प्रश्न १३).

यात तीन प्रकार आहेत आणि ते आधी ओळखता आले पाहिजेत: शाळकरी मुलांसाठीचे प्री-कॉलेज अभ्यासक्रम, कॉलेजात शिकणाऱ्यांसाठीचे क्रेडिटचे अभ्यासक्रम, आणि कुणालाही खुले असलेले प्रौढांचे. माहितीपत्रकात तिन्हींना ‘समर स्कूल’च म्हटलेलं असतं. आपण कुठल्या प्रकारात बसतो हे न बघता अर्ज भरला की अर्जाचे पैसे वाया जातात.

२. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन येता येईल ना?

बहुतेक वेळा नाही. आपला उन्हाळा संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. जून-जुलैत इथे बारावीचे वर्ग भरलेले असतात, कॉलेजचं नवं सत्र चालू असतं आणि हजेरी मोजली जात असते. चार आठवडे गैरहजर राहायचं असेल तर प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्या. तोंडी ‘जाऊन ये’ परीक्षेचा फॉर्म भरताना कामाला येत नाही.

बारावीनंतर लगेच जाणाऱ्यांची अडचण वेगळी. नेमक्या त्याच आठवड्यांत इथल्या प्रवेशफेऱ्या चालू असतात. मूळ कागदपत्रं घेऊन कॉलेजात कोण जाणार, फी कोण भरणार, ओटीपी कुणाच्या फोनवर येणार, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी घरात ठरवा. सगळ्यांत मोकळा काळ म्हणजे पदवीची शेवटची परीक्षा झाल्यानंतरचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो, हेही लक्षात असू द्या.

३. मुलगी अकरावीत आहे. एकटीला पाठवावं का?

प्री-कॉलेज अभ्यासक्रम साधारण पंधरा-सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठीच असतात. वसतिगृहात देखरेखीला माणसं असतात, रात्री परतायची वेळ ठरलेली असते. आयोवा विद्यापीठाचा यंग रायटर्स स्टुडिओ, नॉर्थवेस्टर्नच्या मेडिल पत्रकारिता शाळेचा ‘चेरब्स’ म्हणून ओळखला जाणारा कार्यक्रम, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश कलाशाळेचे शाळकरी मुलांसाठीचे वर्ग ही या प्रकारातली अमेरिकेतली जुनी, नाव असलेली ठिकाणं.

वयापेक्षा मी एक गोष्ट विचारते: ती आत्ता, कुणी न सांगता लिहिते का? डायरी, कथा, शाळेचं भित्तिपत्रक, काहीही चालेल. लिहीत असेल तर चार आठवड्यांत तिला खूप मिळेल. ‘तिकडे गेली की लिहायला लागेल’ या आशेवर मात्र पाठवू नका. अठराच्या आतल्यांना व्हिसासाठी आईवडिलांचं संमतिपत्र लागतं. पालक विभक्त असतील तर त्या कागदांना वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी सुरू करा.

४. ऑक्सफर्डमधला समर कोर्स म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठाचाच ना?

नाही, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधली कॉलेजं सुट्टीत आपल्या खोल्या, भोजनगृह आणि वर्ग भाड्याने देतात. खासगी कंपन्या ते घेतात आणि तिथे स्वतःचे कोर्स चालवतात. फोटोत जुनी दगडी इमारत खरी असते, मुलं खरंच तिथे राहतात, पण शिकवणारा विद्यापीठाचा असेलच असं नाही आणि प्रमाणपत्र कंपनीचं असतं. असे सगळेच कोर्स वाईट नसतात. मात्र विद्यापीठाच्या नावाचे पैसे मोजताना ते नाव मिळतंय का, हे बघायलाच हवं.

खुद्द या दोन्ही विद्यापीठांचे निरंतर शिक्षणाचे विभाग आहेत आणि ते स्वतः उन्हाळी लेखनवर्ग घेतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. ब्रिटनमध्ये शेवटी ‘डॉट एसी डॉट यूके’ आणि अमेरिकेत ‘डॉट ईडीयू’ हे शेपूट शैक्षणिक संस्थांनाच मिळतं. शेवटी ‘डॉट कॉम’ असेल तर थांबा आणि विचारा: प्रमाणपत्रावर सही कुणाची असेल?

५. आयोवा किंवा ईस्ट अँग्लियाचं नाव खूप ऐकलंय. तिथलाच समर कोर्स करावा का?

आयोवाचं रायटर्स वर्कशॉप १९३६ पासूनचं, दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचं. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लियातलं सर्जनशील लेखनाचं एमए १९७० साली सुरू झालं. २०१७ चे नोबेलविजेते काझुओ इशिगुरो तिथलेच विद्यार्थी. पण ही कीर्ती त्या दीर्घ अभ्यासक्रमांची आहे. त्याच विद्यापीठाचा उन्हाळी वर्ग वेगळा असतो, निवड वेगळी असते आणि बहुतेकदा शिक्षकही वेगळे असतात. नावाजलेला प्राध्यापक उन्हाळ्यात स्वतःचं पुस्तक लिहीत बसलेला असतो आणि वर्ग नुकती पदवी घेतलेला तरुण लेखक घेतो. तो कधीकधी जास्त मन लावून शिकवतो, हेही खरं.

म्हणून विद्यापीठाच्या नावावर थांबू नका. या वर्षी, या गटाला कोण शिकवणार आहे ते विचारा. त्या व्यक्तीची एखादी कथा किंवा लेख शोधून वाचा. ते लेखन आवडलं नाही तर तिच्याकडून शिकायला समुद्र ओलांडू नका.

गाव कसं आहे यालाही महत्त्व आहे. एडिंबरा २००४ साली युनेस्कोचं पहिलं साहित्यनगर झालं, आयोवा सिटी २००८ साली आणि नॉर्विच २०१२ साली. अशा गावात पुस्तकांची दुकानं, वाचनाचे कार्यक्रम, लेखकांच्या गप्पा रोजच्या असतात. एडिंबरा विद्यापीठात भरणाऱ्या स्कॉटिश युनिव्हर्सिटीज इंटरनॅशनल समर स्कूलमध्ये सर्जनशील लेखन शिकवतात, आणि ऑगस्टमध्ये १९४७ पासूनचा तिथला कलामहोत्सव सुरू होतो. ही जोडी मला फार मोलाची वाटते.

६. वर्कशॉपमध्ये रोज करतात तरी काय?

तुमची कथा दोन-तीन दिवस आधी गटातल्या सगळ्यांना दिली जाते. दहा-बारा जण ती वाचून, समासात खुणा करून येतात. मग अर्धा-पाऊण तास तिच्यावर बोलणं होतं: कुठे कंटाळा आला, कुठलं पात्र दिसलंच नाही, शेवट आधीच कळला का. आयोवातून रुजलेल्या जुन्या पद्धतीत ज्याची कथा असते त्याने या वेळात गप्प बसायचं असतं. अलीकडे अनेक शिक्षक हे बदलतात. लेखकाने आधी आपले प्रश्न मांडावेत आणि चर्चा त्याभोवती व्हावी, असं ते ठरवतात. तुमच्या कोर्सात कुठली पद्धत आहे ते आधी विचारा.

आपल्याकडच्या मुलांना पहिला आठवडा जड जातो. इथे कथा वाचून दाखवली की ‘छान जमलीय’ म्हणतात आणि पुढच्याचं नाव पुकारतात. तिथे बारा अनोळखी माणसं तुमच्या पहिल्या परिच्छेदावर दहा मिनिटं बोलतात. सांगलीकडच्या एका मुलीने दुसऱ्याच दिवशी मला रडत फोन केला होता, परत यायचंय म्हणून. सहाव्या दिवशीचा फोन वेगळा होता. तिने सुरुवात तीनदा लिहिली होती आणि आपली कथा खरं म्हणजे चौथ्या पानावर सुरू होते हे तिला स्वतःला दिसलं होतं. माझ्या मते या सगळ्या खर्चात विकत घेण्यासारखी गोष्ट ही एवढीच आहे: तुमचं लेखन इतक्या बारकाईने वाचणारी माणसं.

म्हणून हिशेब करा. दोन आठवडे, दहा बैठका, रोज दोन कथा आणि गटात दहा जण असतील तर तुमचं लेखन दोनदा चर्चेला येईल. गटात पंचवीस जण असतील तर एकदाही येईलच असं नाही. शिवाय शिक्षकाशी स्वतंत्र भेट आहे का, किती मिनिटांची, हे ईमेल करून विचारा. दोन कोर्सांमधून एक निवडताना मी या दोन आकड्यांवरच निवडते.

७. ताई, मी मराठीतच लिहिते. इंग्रजी वाचते, पण कथा इंग्रजीत सुचत नाही. मी जाऊन काय करू?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण या मुलीकडे तिथे नसलेलं काहीतरी आहे. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात आयोवाच्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्ये होते. १९६७ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात जगभरातले लेखक येतात आणि आपापल्या भाषेत लिहितात. तो समर कोर्स नाही, प्रस्थापित लेखकांसाठीचा निवासी कार्यक्रम आहे, त्यामुळे त्याची या कोर्सांशी गल्लत करू नका. पण आपली भाषा सोबत घेऊन तिथे जाता येतं, हे त्यातून कळतं.

तुमच्यासाठी चांगली वाट अनुवादाची आहे. नॉर्विचला ब्रिटिश सेंटर फॉर लिटररी ट्रान्सलेशन ही संस्था आहे. डब्ल्यू. जी. झेबाल्ट या जर्मन लेखकाने १९८९ साली ती सुरू केली. तिची उन्हाळी शाळा साधारण आठवडाभराची असते. काही गट एकाच भाषेचे असतात आणि मूळ लेखक स्वतः गटात बसलेला असतो. काही गट बहुभाषिक असतात, त्यात प्रत्येक जण आपापल्या भाषेतून इंग्रजीत आणतो. मराठीला जागा अशा गटात असते. ‘माजघर’ या एका शब्दावर गटात पंधरा मिनिटं बोलायची वेळ येते, आणि ते बोलताना आपलं घर आणि आपली भाषा दोन्ही नव्याने दिसतात.

साध्या लेखनवर्गालाच जायचं असेल तर इंग्रजीत रोज एखादं पान लिहायची सवय चार-सहा महिने आधी लावा. इंग्रजी साधी असली तरी चालते. सजवलेली, निबंधातली इंग्रजी मात्र अडचण करते.

८. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात. काय पाठवू?

मागतील तेवढीच पानं, आणि तुमचं सर्वांत अलीकडचं चांगलं लेखन. स्पर्धेत बक्षीस मिळालेला निबंध शक्यतो नको; तो परीक्षकासाठी लिहिलेला असतो आणि वाचणाऱ्याला ते कळतं. आजीच्या गावचा पाणंद रस्ता, एसटी स्टँडवरची रात्र, चाळीतलं भांडण, जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय ते पाठवा. मराठी लेखनाचा स्वतः केलेला अनुवाद पाठवत असाल तर वर तसं स्पष्ट लिहा. दुसऱ्याने किंवा यंत्राने केलेला अनुवाद स्वतःचा म्हणून पाठवू नका. पहिल्या दिवशी वर्गात लिहायला बसवतात.

९. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते का?

क्रेडिट देणारे कोर्स बहुतेकदा इंग्रजीचा पुरावा मागतात. बिनक्रेडिटचे प्रौढांचे वर्ग अनेकदा फक्त नमुन्यावर निवडतात. बारावी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर कॉलेजचं पत्र चालेल का, असं विचारून बघा. बऱ्याचदा परीक्षेचा खर्च वाचतो.

१०. मला लिहायचं नाही, कॅमेरा आणि बातमीदारी शिकायचीय. निवडताना वेगळं काय बघू?

यंत्रं आणि माणसं यांचं प्रमाण बघा. सहा जणांत एक कॅमेरा असेल तर तीन आठवड्यांत तुम्ही तो किती वेळ हातात धराल? शेवटी प्रत्येकाची फिल्म होते की गटाची एकच? संपादनाची खोली रात्री उघडी असते का? १९४६ पासूनची प्रागची फामू ही चित्रपटशाळा परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून छोटे वर्ग घेते. न्यूयॉर्कच्या टिशमध्ये कॉलेजवयाच्या मुलांसाठी क्रेडिटचे उन्हाळी वर्ग असतात.

बातमीदारीच्या कोर्सात रस्त्यावर उतरून माणसांशी बोलायला लावतात का, हा एकच प्रश्न विचारा. नुसत्या व्याख्यानांचा आणि वाहिन्यांच्या कार्यालयभेटींचा कोर्स असेल तर तो सोडा.

आणि जाण्याआधी घरचं दार ठोठावून बघा. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० पासून असलेली एफटीआयआय ही चित्रपटशाळा छोटे अभ्यासक्रम घेते. रानडे इन्स्टिट्यूट आणि अमरावतीचं आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्थान) केंद्र पत्रकारिता शिकवतात. ज्याने कधीच कॅमेरा धरला नाही त्याने आधी इथे शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

११. एकूण खर्च किती येतो? कर्ज काढावं का?

फीचा आकडा बघून ठरवू नका. त्यात खोली आणि जेवण धरलंय का? शनिवार-रविवारी भोजनगृह बंद असतं का? शाकाहारी असाल तर तिथे खरंच काय मिळतं? जून-जुलैत विमानाचं तिकीट महाग असतं. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला अर्जाचे १८५ डॉलर आणि सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे ३५० डॉलर लागतात, आणखी शुल्क लागू झालंय का तेही बघा. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक) प्रौढांना ९० युरो, आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा.

कर्ज काढू नका. दागिने मोडू नका. तीन आठवड्यांच्या वर्गाने नोकरी मिळत नाही, हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. फी माफीसाठी अर्ज जरूर करा. विद्यापीठांचे स्वतःचे कोर्स थोड्या जागा सवलतीत देतात, पण ती मुदत प्रवेशाच्या मुदतीआधी संपते आणि बहुतेकांची चूक तिथे होते. तेही जमलं नाही तर त्याच शिक्षकाचा ऑनलाइन वर्ग आहे का बघा. लेखनासाठी तो बराचसा पुरतो, कॅमेऱ्यासाठी नाही.

१२. व्हिसा कुठला घ्यायचा? टुरिस्ट व्हिसावर चालतं का?

देशागणिक उत्तर बदलतं. ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं, म्हणून समर कोर्सला तो पुरतो. प्रश्न ४ मधल्या खासगी कंपनीचा कोर्स असेल तर तिला मान्यता आहे का, हे इथे पुन्हा आडवं येतं. शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. डब्लिनला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही.

अमेरिकेचं सर्वांत नाजूक. क्रेडिटचा किंवा पूर्णवेळ अभ्यासक्रम असेल तर विद्यापीठाकडून आय-२० हे प्रवेशाचं प्रमाणपत्र घेऊन एफ-१ हा विद्यार्थी व्हिसाच काढावा लागतो. हौसेचा, छोटा, बिनक्रेडिटचा वर्ग व्हिजिटर व्हिसावर चालू शकतो. घरात दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहे म्हणून त्यावर क्रेडिटचा कोर्स करायला जाऊ नका. नियम मोडला तर पुढच्या शिक्षणाचा व्हिसा अडतो. मे-जूनमध्ये मुंबईच्या वकिलातीत ऑगस्टला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची गर्दी असते, म्हणून आय-२० हातात येताच तारीख घ्या.

१३. तिथले क्रेडिट माझ्या इथल्या पदवीत धरतील का?

आपोआप नाही. जाण्याआधी अभ्यासक्रमाचा आराखडा विभागप्रमुखांना दाखवा आणि किती क्रेडिट धरणार हे लेखी घ्या. युरोपात पूर्ण वर्षाला ६० ईसीटीएस (तिथली क्रेडिट), अमेरिकेत साधारण ३० क्रेडिट धरतात. त्यामुळे युरोपातले चार म्हणजे अमेरिकेतले ढोबळमानाने दोन. क्रेडिटसाठी जास्त फी लागत असेल आणि इथे ते धरणार नसतील, तर बिनक्रेडिटचा पर्याय घ्या.

१४. पैसे पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते म्हणे?

१ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेली रक्कम दहा लाखांच्या वर गेली तरच शिक्षणासाठीच्या रकमेवर टीसीएस लागतो. तो आयकराचं विवरणपत्र भरताना वळता होतो. पण एजंटाने फी, तिकीट, हॉटेल असं एकत्र बांधून ‘टूर पॅकेज’ म्हणून बिल केलं, तर पहिल्या रुपयापासून कापला जातो. म्हणून फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा.

१५. ‘तुमच्या मुलाची जगभरातून निवड झाली आहे’ असं पत्र आलंय. हा मान आहे का?

अर्ज केला नसताना आलेलं असेल तर ती जाहिरात आहे. मुलाला ते वाचून आनंद झालेला असतो, म्हणून हळुवारपणे सांगा. खऱ्या निवडीत आधी त्याचं लेखन कुणीतरी वाचलेलं असतं.

१६. न्यू जर्सीत मामा आहे. त्याच्याकडे राहून न्यूयॉर्कचा कोर्स केला तर?

अठराच्या वर असाल आणि कोर्स परवानगी देत असेल तर राहण्याचा मोठा खर्च वाचतो. एडिसनहून न्यूयॉर्कची लोकल साधारण तासाभराची. पण संध्याकाळी जेवताना होणाऱ्या गप्पा, रात्री एकमेकांची पानं वाचणं, हे सगळं हुकतं, आणि लेखनवर्गाचं निम्मं शिक्षण तिथेच होतं. शाळकरी मुलांच्या निवासी कोर्सात वसतिगृहात राहणं सक्तीचं असतं. तिथे मामाकडे फक्त सुट्टीच्या दिवशी, आणि तेही आधी लेखी कळवून.

१७. व्हिसा नाकारला तर फी परत मिळते का?

व्हिसाचं शुल्क परत मिळत नाही. कोर्सच्या फीबद्दल पैसे भरण्याआधी दोन गोष्टी वाचा: नकाराचं पत्र दाखवल्यास किती रक्कम परत, आणि ते किती तारखेपर्यंत कळवायचं. अनामत रक्कम बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात. हे नियम संकेतस्थळावर नसतील तर ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा.

१८. तिथे केलेली शॉर्ट फिल्म मी महोत्सवाला पाठवू शकते का? आणि कथेचे हक्क?

लिहिलेली कथा तुमचीच राहते. फिल्मचं तसं नाही. संस्थेचा कॅमेरा आणि संस्थेचं स्टुडिओ वापरलं की काही ठिकाणी हक्क पूर्ण किंवा अर्धे संस्थेकडे जातात. प्रवेशाच्या वेळी सही करतो त्या कागदातच हे असतं, म्हणून तो पूर्ण वाचा. गटाची फिल्म असेल तर छायाचित्रण, संपादन, अभिनय करणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती तिथे असतानाच घ्या. नंतर प्रत्येक जण वेगळ्या देशात असतो. पार्श्वसंगीत परवानगीचं नसेल तर महोत्सवात अडचण येते. आणि कॅमेरा परत करण्याच्या आदल्या रात्री मूळ फुटेज स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. पुढच्या तुकडीसाठी कार्डं लगेच पुसली जातात.